बडग्याच्या पोटातलं सत्तावन

…तर काल चहा आला आणि माझं बोलणं नेमकं नको तिथं तुटलं. बडग्याच्या खाकी कोटाची शिवण उसवली होती, पोटातून पिवळा कागद लोंबत होता आणि आमचा चंद्रभान दोन्ही हात वर करून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होता, "घेऊन जाय गे मारबत!" त्याची सोळा-सतरा वर्षांची कमाई चालली होती आणि हा पठ्ठ्या तिला नाचून निरोप देत होता.

पण ज्यांनी नागपूरचा पोळा पाहिला नाही त्यांना यातलं काय कळणार? त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती, म्हणजे बाईचे पुतळे, निघतात. पिवळी मारबत, काळी मारबत या मोठ्या, मानाच्या. त्यांच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे बाप्याचे पुतळे, आत गवत, चिंध्या, रद्दी. वर्षभर ज्याचा राग आला त्याचा बडग्या करायचा, त्याला शिव्या देत गावभर मिरवायचा आणि शेवटी नेऊन जाळायचा. रोगराई जाय, खोकला जाय, महागाई जाय, सगळं घेऊन जाय गे मारबत! आणि एक नियम आहे, तो ध्यानात ठेवा. मारबतीबरोबर घरातून जे गेलं ते पुन्हा उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. घेतलं तर पीडा त्याच्या पाठीवर बसून परत येते. हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण आमच्या गल्लीत तो मोडायची छाती कोणाची नव्हती.

आता चंद्रभान. चंद्रभान धकाते, एस.टी.त कंडक्टर, बहुतेक उमरेडच्या गाडीवर, कधी मौद्याच्या. अंगानं वेताच्या छडीसारखा, आणि बसणं म्हणून माहीत नाही. जेवायचा तर भिंतीला टेकून उभ्यानं. माझ्याकडे गप्पा मारायला आला की पाटावर बसायच्या आधीच उठायचा. आमची सिंधूताई, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "याइच्या पायाले कोणं चावी देऊन ठेवली आहे, देव जाणे."

चावी दिली होती सत्तावनच्या बंडानं. शताब्दीच्या साली गावोगाव भाषणं झाली, चोपड्या निघाल्या, आणि चंद्रभाननं एक चोपडी सिटाच्या खाली सापडली म्हणून वाचली. तिथून जे लागलं ते सुटलं नाही. आपल्या नागपुराकडे तेव्हा काय झालं? फौजेतले काही लोक पकडले गेले, काही पळाले, असं पुस्तकं सांगत होती. पळाले ते कुठं पळाले? कोणाच्या घरी जेवले? हे त्याला हवं होतं. मग सरकारी गॅझेटियर हातानं उतरवून काढ, दिवाळी अंकातले लेख काप, जुन्या बाजारातून पुठ्ठा नसलेलं इंग्रजी पुस्तक आण आणि माझ्यासारख्या सातवी फायनलवाल्याला विचार, "याचा अर्थ काय होते गा?" मला काय ठाऊक! मी आपला तोंडाला येईल तो अर्थ सांगायचो आणि तो दुसऱ्या दिवशी कोणा मास्तरला विचारून येऊन माझी मान पकडायचा.

पण त्याची खरी साधनं गाडीत चढायची. म्हातारा प्रवासी दिसला की तिकीट फाडता फाडता विचारायचं, "बाबाजी, तुमच्याकडं सत्तावनचं काही सांगत होते का म्हातारे?" आणि जे ऐकलं ते वाया गेलेल्या वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या, पाठीवर लाल-निळ्या पेन्सिलीनं लिहायचं. कोणी सांगितलं, कुठं चढला, कुठं उतरला, सगळं. एकदा मला म्हणाला, "रुपराव, साहेबाचं पुस्तक त्या लोकाइले दरोडेखोर म्हणते. आपलं पुस्तक सगळ्याइलेच वीर म्हणते. अन् म्हातारी म्हणते, त्याइच्या पायाले फोड आले होते. फोडाचं कोणत्याच पुस्तकात नाही गा!"

ही म्हातारी म्हणजे तुळसाबाई. उमरेडच्या अलीकडे एका खेड्यात राहायची, घरी लुगडी विणायचा माग, आणि आठ-पंधरा दिवसांनी लेकीकडे नागपूरला यायची. तिचा आजेसासरा विणकर. त्यानं म्हणे दोन पळालेल्या शिपायांना मागाच्या खड्ड्यात लपवलं होतं. विणकर पाय सोडून बसतो ना, तो खड्डा. वर ताणा लावलेला, खाली माणसं, आणि हा त्यांच्या डोक्यावर बसून धोटा मारतो आहे, दारात घोडेस्वार! असं काही सांगायची म्हातारी की अख्खी गाडी कान टवकारायची. चंद्रभाननं तिला शब्द दिला होता, "मावशी, हे मी लिहीन. तुह्या डोळ्यादेखत लिहीन."

आणि घोडं तिथंच अडलं होतं. कारण त्या शताब्दीच्या चोपडीत दोन ओळी होत्या की त्या भागातल्या एका विणकरानंच शिपायांची खबर दिली. गावाचं नाव तेच, विणकराचं नाव नाही. चंद्रभान हैराण. म्हातारी खरी की चोपडी? आणखी एक पुस्तक मिळालं तर कळेल. ते मिळालं, त्यात काहीच नाही. मग आणखी एक. लिहायला म्हणून घ्यायचा आणि पहिल्या ओळीवरच येरझारा घालायला लागायचा. तुळसाबाई गाडीत चढली की पहिला सवाल, "लिहलं का रे बापा?"

"एक पुस्तक पाहाचं राहिलं, मावशी."

"पाहा, पाहा. मी का जाऊन राहिली कुठं! डोळे जाऊन राहिले तेवढे."

हे ऐकलं की तो पुढची दोन-तीन ठेसनं घंटीच द्यायला विसरायचा. त्या वर्षी म्हातारी फार वाळली होती. चढताना तिला हाताला धरून वर घ्यावं लागायचं, आणि तिला वर घेणारा हात चंद्रभानचाच असायचा. त्याच्या जिवाची तगमग मी पाहत होतो. माणूस झोपेत चालावा तसा तो जागेपणी चालायचा.

आता कोटाची गोष्ट. हे सगळे कागद त्यानं आपल्या जुन्या खाकी कोटात भरून, बाह्यांची गाठ मारून, देवळीजवळच्या खुंटीला टांगले होते. घाईत निघताना उचलता यावं म्हणून. दुसरा तसाच जुना कोट दारामागच्या खुंटीवर, त्यात त्याच्या बायकोनं, प्रयागबाईनं, गोधडीसाठी चिंध्या भरून ठेवलेल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याची पहाटेची गाडी. निघता निघता याला कुठलासा कागद आठवला, गाठोडं सोडलं, कागद काही सापडला नाही, गाठोडं पुन्हा बांधलं आणि टांगलं दारामागं. तिथला चिंध्यांचा कोट काढून सरकवला खाटेखाली. का? त्याला विचारलं तर म्हणाला, "दार जवळ होतं." झालं!

सकाळी गल्लीतली मंडळी आली, पुढे गोविंदा. हा गोविंदा टिंगलखोर, सुताराचं काम करायचा. त्या वर्षी घासलेटच्या टंचाईवर सगळं गाव बडगे करत होतं, म्हणून आमच्या गल्लीनं निराळं काढलं: गाडी न थांबवणारा कंडक्टर! आणि याला कारणही चंद्रभानच. सत्तावनच्या नादात त्यानं एकदा खुद्द गोविंदालाच ठेसनावर हात दाखवत ठेवून गाडी पुढे काढली होती. बडग्याला कोट हवा म्हणून गोविंदा यांच्याच दारात आला.

"काकू, काकाजीचा जुना कोट द्या ना. भरलेला असन त आणखीच चांगलं."

"दारामागं टांगला आहे, ने बापा. चिंध्या आहेत, जाऊ दे माझी गोधडी. पोरीचा ताप घेऊन जाय म्हणा त्याले." त्याच उन्हाळ्यात त्यांची लेक टायफाइडातून मरता मरता उठली होती. प्रयागबाई हात जोडून म्हणाली, आणि कोट गेला.

दुपारी ड्यूटी संपवून चंद्रभान थेट मिरवणुकीत. मी होतोच. समोर आमचा बडग्या: गोल पोट, गळ्यात पत्र्याची तिकिटाची पेटी, छातीवर पाटी, "जागा नाही, मागच्या गाडीनं या." चंद्रभान पोट धरून हसला. "अबे गोविंदा, बिल्ला डाव्या बाजूले लावाचा असते बे, तुले एवढं समजत नाही?" आणि मग हात वर करून, "न थांबणारा कंडक्टर घेऊन जाय गे मारबत!"

तेवढ्यात कोणीतरी बडग्याच्या पोटात काठी मारली. शिवण उसवली. कागद बाहेर आला, त्यावर लाल-निळी पेन्सिल.

चंद्रभानचे हात वरच राहिले. तोंड उघडं. मी म्हटलं, याला ऊन लागलं. तो म्हणाला, अगदी हळू, "रुपराव, मावशीचं पान आहे ते." आणि सुटला.

पण सुटतो कुठं! मारबतीची गर्दी ती. आम्ही दोन हात पुढे जाईपर्यंत बडग्या वीस हात पुढे. मध्ये ढोल, मध्ये दुसऱ्या गल्लीचे बडगे, गुलाल, लोकांच्या खांद्यावर पोरं. कोणी वाट देईना. चंद्रभान उड्या मारतो आहे, घामानं निथळतो आहे, आणि अचानक काय सुचलं कोण जाणे, खिशातून तिकिटाचा चिमटा काढून टिक-टिक टिक-टिक वाजवत ओरडायला लागला, "चला, पुढं सरका! मधी जागा आहे, मधी चला! दारात उभं नोका राहू!"

आणि लोक सरकले हो! सवय म्हणजे काय असते पाहा. बायकांनी पिशव्या उचलल्या, एका धोतरवाल्यानं जागा देऊन विचारलं, "कुहीची गाडी लागली का?" आम्ही त्या वाटेनं पळत सुटलो.

जाळायच्या जागी पोचलो तेव्हा दुसऱ्या गल्ल्यांचे बडगे पेटले होते. आमचा उभा होता, कारण घासलेट नव्हतं. एक जण बाटली घेऊन कुठं उसनं मिळतं का पाहायला गेला होता, तो आलाच नव्हता. ज्या टंचाईला अख्खं नागपूर शिव्या देत होतं तिनंच सत्तावन वाचवलं. तरी पायाचं गवत कोणीतरी पेटवलं होतंच, आणि धूर कोटाकडे चढत होता. चंद्रभाननं बडग्याला कवटाळून खाली पाडलं.

गोविंदा धावला. "काकाजी, हे काय! मारबतीचं परत नसते घेत."

"अबे, ही रोगराई नाही, इतिहास आहे!"

"काकू त म्हणते, घरातला सगळ्यात जुना रोग हाच आहे."

सगळे खो-खो हसले. चंद्रभान मात्र गुडघ्यावर बसून कागद चाचपत होता. बसलेला मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिला. एका बाहीला भोक पडलं होतं, चार-सहा पानांच्या कडा करपल्या होत्या, बाकी सगळं शाबूत.

कोट छातीशी धरून तो घरी आला, तर उंबऱ्यात प्रयागबाई. हात दोन्हीकडे चौकटीला.

"आत नाही."

"अवं, तू चुकून दिला. म्हणजे मीच चुकून टांगला. कागद आहेत माझे."

"मी हात जोडून पोरीचा ताप त्याच्यासंगं धाडला. तो माघारी आला त तुमचं सत्तावन येईन का डॉक्टरले बोलवाले?"

लेक आतून मान काढून पाहत होती, केस नुकते कुठं पुन्हा वाढायला लागलेले. चंद्रभाननं पुढे टाकलेला पाय मागे घेतला. मग म्हणाला, "मंग मी कुठं ठेवू?"

"कुठंही ठेवा. याच्यातलं जे लागते ते बाहेरच्या बाहेर नव्या कागदावर लिहून आणा, तुमच्या हातानं. नवा कागद मारबतीचा नाही. त्याले मी कुंकू लावून आत घेईन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आधी आमची सिंधूताई घरातून म्हणाली, "आमच्याकडं नातू आहे, भाऊजी!" गल्लीतलं एकेक दार असंच. डेपोत नेला तर ड्रायव्हर महादेवराव म्हणाला, "माझ्या गाडीत नाही चढवायचं हे गाठोडं. ब्रेक आधीच माझं ऐकत नाही." तो दिवस आणि पुढचा दिवस चंद्रभान कोट खांद्यावर टाकून नागपूरभर फिरला. मी संगतीला. इतवारीतून महाल, महालातून गणेशपेठ. जिथं टेकावं तिथं कोणी विचारायचं, "हे काय आहे?" आणि याला खोटं बोलता येत नसे.

शेवटी आमच्या वस्तीच्या वाचनालयात गेलो. तिथले भैय्याजी, वर्तमानपत्रं लावायचे, पंखा बंद करायचे, एवढंच काम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "ठेवा इथं. वाचनालय कोणाचं घर आहे का? अन् पुस्तकाइले खोकला होत नसते, वाळवी होते. ते आधीच आहे." एक रिकामी लोखंडी पेटी काढून दिली. कोट पेटीत गेला.

आता घरी काही नाही. घरी न्यायचं तर लिहूनच. चंद्रभानची पळवाटच बंद झाली. तो ड्यूटीच्या आधी किंवा नंतर यायचा, खुर्चीत बसणं नाहीच, वर्तमानपत्र वाचायच्या उतरत्या फळीवर कोरा कागद ठेवून उभ्यानं लिहायचा. एक ओळ लिही, पेटीपाशी जा, ये, खोड. खिडकीपाशी जा. पुन्हा ये. वर्तमानपत्र वाचणारे वैतागले. "कंडक्टरसाहेब, एका जागी राहा ना, आम्हाले गाडीत बसल्यावानी होऊन राहिलं!"

विणकराच्या गोष्टीपाशी तो आठवडाभर अडला. एक दिवस मी चिडून म्हटलं, "अबे, तू न्यायाधीश आहे का? म्हातारी काय सांगते ते लिही, चोपडी काय सांगते ते लिही, अन् मोकळा हो."

त्यानं खोडलेला कागद चुरगळला, नवा फळीवर ठेवला. मग लिहीत सुटला. दोन्ही लिहिलं. खाली लिहिलं की हे तुळसाबाईनं उमरेडच्या गाडीत सांगितलं, ते शताब्दीच्या चोपडीत अमुक पानावर आहे, आणि मला ठरवता आलं नाही. असं प्रत्येक गोष्टीखाली. अर्धं पुस्तक गोष्टीचं आणि अर्धं कुठून घेतलं त्याचं. दिवाळीच्या आधी दोन प्रती हातानं लिहून, दोऱ्यानं शिवून तयार झाल्या. एक वाचनालयात. एक घरी, तिला प्रयागबाईनं खरंच कुंकू लावलं.

आणि तुळसाबाई? तिला त्यानं गाडीतच वाचून दाखवलं, दोन ठेसनांच्या मध्ये. मागाचा खड्डा आला तशी म्हातारी खुलली, शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "माया आजेसासरा हो तो!" मग दुसरा भाग आला. म्हातारीनं काठी आपटली.

"मुडद्या! याच्यासाठी वाट पाहिली मी? चुगलखोर लिहितं त्याले?"

तिचं ठेसन आलं तर तिनं चंद्रभानकडे पाहिलंही नाही. त्याचा हातही धरला नाही, एकटी उतरली, खांब धरून. त्या दिवशी हा माणूस माझ्या अंगणात एवढ्या येरझारा घालत होता की सिंधूताईनं वाळत घातलेले तांदूळ उचलून घेतले. म्हणत होता, "फाडून टाकू का ते पान, रुपराव? फाडू का?" पण फाडलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारी लेकीला घेऊन वाचनालयात हजर. भांडायलाच आली होती. "दाखव मले, कोणं लिहिलं ते!"

चंद्रभाननं पेटी उघडली. करपलेला कोट सोडला. चोपडी काढली, तिच्या हातात दिली. तिला वाचता कुठं येत होतं! तिनं पानावरून बोट फिरवलं. मग त्यानं तिचं स्वतःचं पान काढलं, कडेला जळलेलं, आणि जसंच्या तसं वाचून दाखवलं, पायाच्या फोडांसकट. म्हातारी ऐकत राहिली.

"ज्यानं ते छापलं," तिनं विचारलं, "त्यानं आमच्या घरचा मागाचा खड्डा पाहिला होता का?"

"नाही मावशी. नागपुरात बसून लिहिलं असन."

"मंग हेही लिही."

त्यानं तिथंच, फळीवर उभ्यानं, दोन्ही प्रतींसाठी लिहिलं: तुळसाबाईचं म्हणणं की छापणाऱ्यानं खड्डा पाहिलेला नाही. म्हातारीनं ते दोनदा वाचून घेतलं. मग उठली आणि जाताना हात पुढे केला, त्याच्या खांद्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरली.

तुम्हाला वाटेल, आता तरी माणूस निवांत झाला असेल. कशाचा! पुढच्या पोळ्याला गोविंदा वाचनालयात येऊन उभा, त्या वर्षीच्या बडग्यासाठी रद्दी मागायला. "काकाजी, पुस्तक झालं. आता तो कोट अर्धा जळालेलाच आहे, पुरा करून टाकू."

चंद्रभान पेटीवर हात ठेवून उभा. एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे.

मीही म्हटलं, "देऊन टाक ना गा. लिहून झालं, म्हातारीचं समाधान झालं. घरात येऊ देत नाही कोणी, वाळवी लागून राहिली, दर पंधरा दिवसांनी पेटी उन्हात काढतं. आता कोणासाठी सांभाळून राहिला?"

तो म्हणाला, "मी कुठं चुकलो असन त कोणी ना कोणी येईन भांडाले, तुळसाबाई आली तशी, त्याले दाखवाले पाहिजे ना हे. फक्त त्याले म्हणा लवकर ये बापा, मले अडीचची उमरेड आहे."